लांब ड्रॉ (दोरी मागे ओढण्याचं अंतर) असणाऱ्यानं शिकारीसाठी पारंपरिक धनुष्य कसं निवडावं?

लांबपल्ला

पेन्सिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी पारंपरिक धनुष्य घ्यायचं आहे. कंपाउंड (चाकांचं धनुष्य) नको, नेम धरायची साइटही नको. उंची ६ फूट ४ इंच. दोन्ही हात पसरल्यावर मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७९ इंच भरतात. उजव्या हातानं, तीन बोटांनी ओढतो.

दुकानात ५८ इंची रिकर्व्ह (टोकं वळलेलं धनुष्य) पुढे केला जातोय, कारण 'मचाणावर आखूड धनुष्यच सोयीचं'. त्यावर ४५ पाउंड @ २८ लिहिलंय, म्हणजे २८ इंच ओढल्यावर ४५ पाउंड जोर. ओढताना शेवटच्या दोन इंचांत भिंतीला टेकल्यासारखं वाटतं आणि अनामिका चिमटते. लांबी किती घ्यावी, पाउंड किती घ्यावेत आणि लॉन्गबोचा (टोकं जवळपास सरळ असलेल्या लांब धनुष्याचा) विचार करावा का, या तिन्हींवर सल्ला हवा आहे.

वेळूबन

अनामिका चिमटते आणि शेवटी भिंत लागते, यातच तुमचं उत्तर आहे. ते धनुष्य तुमच्या मापाचं नाही. घेऊ नका.

आधी ड्रॉ नीट मोजा. हातांचा पसारा भागिले २.५ हे ढोबळ सूत्र. ७९ ला २.५ नं भागलं की ३१.६ येतात. पण हे सूत्र ताठ उभं राहून, धनुष्याचा हात सरळ रोखून ओढणाऱ्याला लागू पडतं. शिकारीच्या पद्धतीत कोपर किंचित सैल, धनुष्य तिरपं आणि मान थोडी पुढे असते, त्यामुळे ड्रॉ अर्ध्या इंचापासून दीड इंचापर्यंत कमी होतो. अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्यावर टेकायची जागा, कुठे आहे त्यावरही अवलंबून. तर्जनी ओठाच्या कोपऱ्यात असेल तर एक माप येतं, मधलं बोट तिथे असेल तर थोडं कमी.

मोजायची पद्धत सांगतो. २० ते २५ पाउंडांचं हलकं धनुष्य आणि न कापलेला लांब बाण घ्या. बाणावर २६ इंचांपासून पुढे दर अर्ध्या इंचाला बारीक चिकटपट्टी लावा. नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेतून मोजायला सुरुवात करायची. पंधरा-वीस बाण मारून अंग मोकळं झाल्यावरच मोजा, पहिल्या दोन-तीन बाणांत माणूस नेहमीपेक्षा जास्त ताणतो. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघावं. मुठीचा सगळ्यात खोल भाग, जिथे अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी बसते, त्याच्या बरोबर वर बाणाचं कुठलं माप येतंय ते टिपायचं. त्यात पावणेदोन इंच मिळवा. हा तुमचा एएमओ (धनुष्य बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या) पद्धतीचा ड्रॉ. धनुष्यावर '@ २८' लिहिलेलं असतं ते याच मापानं.

बरेच जण धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात. पुष्कळ रायझरमध्ये (धनुष्याच्या मधल्या कडक भागात) ती कड खोल भागापासून पावणेदोन इंचांवरच असते, म्हणून चालून जातं. जाड लाकडी रायझरमध्ये मात्र त्यानं अर्ध्या इंचाची चूक सहज होते.

मोहोर

वेळूबन यांच्या मोजणीत एक भर. हलक्या धनुष्यावर मोजलेला ड्रॉ शिकारीच्या वजनावर तसाच राहतो असं नाही. पाउंड झेपेनासे झाले की शरीर आपोआप अर्धा-पाऊण इंच आधीच थांबतं. म्हणून धनुष्य निवडताना हलक्यावरचं माप धरा, आणि जड धनुष्यावर तेच माप येत नसेल तर पाउंड उतरवा. ड्रॉ आखडू देऊ नका.

वेळूबन

आता 'भिंत' का लागते ते. धनुष्य ताणताना दोरी आणि लिम्बचं (धनुष्याच्या वाकणाऱ्या भागाचं) टोक यांच्यातला कोन उघडत जातो. तो काटकोनाच्या जवळ आला की लिम्ब वाकवायला मिळणारी तरफ संपत येते. मग प्रत्येक इंचाला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. यालाच स्टॅक होणं म्हणतात. ५८ इंची धनुष्यात हे २८-२९ च्या पुढे सुरू होतं, ६४ इंचीत बरंच उशिरा.

उदाहरणादाखल दोन धनुष्यं धरा, दोन्ही ४५ @ २८. लांब आणि मऊ ओढीचं धनुष्य पुढच्या प्रत्येक इंचाला अडीच पाउंड घेईल: २९ वर साडेसत्तेचाळीस, ३० वर पन्नास, ३१ वर साडेबावन्न. आखूड धनुष्य आधी तीन घेईल, मग चार, मग पाच किंवा जास्त: ४८, ५२, ५७. धनुष्यावरचा आकडा एकच, पण तुमच्या बोटांवर साडेचार पाउंडांचा फरक. तेही सगळ्यात नाजूक क्षणी, सोडण्याच्या आधी.

बोट चिमटणं ही वेगळी अडचण आहे, ती स्टॅकमध्ये मिसळू नका. बोटांपाशी दोरीची दोन टोकं इंग्रजी 'व्ही'सारखी येतात. धनुष्य आखूड आणि ड्रॉ लांब असला की हा व्ही अरुंद होतो. त्यात वरचं आणि खालचं बोट आत दाबलं जातं आणि नॉकही पिळला जातो. नॉक पिळला की बाण शेल्फवरून (मुठीवरच्या बाण टेकायच्या जागेवरून) उचलतो. एखादं चांगलं सुपर-रिकर्व्ह (टोकं खूपच वळलेलं) स्टॅक होणार नाही, पण लांबी कमी असेल तर बोटं चिमटेलच.

धनुष्याचा वजनकाटा घ्या, २४ पासून तुमच्या ड्रॉच्या अर्धा इंच पुढपर्यंत दर इंचाला आकडा लिहा आणि लगतच्या आकड्यांतला फरक बघा. फरक जिथे अचानक वाढतो, तिथे ते धनुष्य संपलं. तुमचा ड्रॉ त्या जागेच्या किमान एक इंच अलीकडे हवा. दुकानदार काटा लावू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

लांबपल्ला

वरच्या पद्धतीनं मोजलं. खोल भागापर्यंत सव्वाएकोणतीस, म्हणजे अधिक पावणेदोन धरून ३१. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्यात. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा पाव इंचाच्या आत.

रानवाटसरू

३१ ला रिकर्व्ह ६४ इंच. मुठीची आणि लिम्बची रचना चांगली असेल तर ६२ चालेल, ६६ मिळाला तर आणखी मऊ. ६० किंवा त्याखाली जाऊ नका.

बाजारातल्या ओळखीच्या गोष्टी सांगायच्या तर बेअर ग्रिझली ५८ इंची आणि बेअर कोडियाक ६० इंची. दोन्ही नावाजलेली, पण ३१ साठी नव्हेत. सॅमिक सेज ६२ इंची. सुरुवातीचं धनुष्य म्हणून ठीक, पण ३१ वर अगदी काठावर. बेअरच्या टेकडाउनमध्ये (सुट्या भागांच्या धनुष्यात) बी नावाच्या रायझरवर तीन नंबरचे लिम्ब घेतले की ६४ होतात, ते तुमच्यासाठी योग्य माप. हाताला मूठ बसते का, तेवढं आधी बघा.

सागवान

रानवाटसरू यांच्याशी मी अर्धाच सहमत. नुसत्या एकूण लांबीवर निर्णय घेऊ नये. दोन धनुष्यं ६२ इंची असली तरी एकाचा रायझर १७ इंची आणि दुसऱ्याचा २१ इंची असेल, तर पहिल्यात वाकणारा भाग चार इंच जास्त. ३१ च्या ड्रॉला तो पुष्कळ उशिरा स्टॅक होतो.

आयएलएफ पद्धतीत, म्हणजे एका कंपनीचे लिम्ब दुसरीच्या रायझरवर बसतात त्या प्रमाणित जोडणीत, हे उघड दिसतं. २५ इंची रायझरवर शॉर्ट लिम्ब लावले की ६६, मीडियम ६८, लाँग ७०. रायझर जितका आखूड तितकं एकूण माप कमी. म्हणजे:
१७ + लाँग = ६२
१९ + लाँग = ६४
२१ + शॉर्ट = ६२
२१ + मीडियम = ६४
२१ + लाँग = ६६

लांब ड्रॉवाल्यानं शॉर्ट लिम्बच्या वाटेला जाऊच नये. १९ वर लाँग किंवा २१ वर मीडियम-लाँग. होयटचा सातोरी १७, १९ आणि २१ अशा मापांत येतो आणि शिकारीसाठीच बनवलेला आहे, त्याला शेल्फवरून बाण मारता येतो. इतर कंपन्यांचेही याच मापांचे रायझर मिळतात.

आयएलएफचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चूक स्वस्तात दुरुस्त होते. पाउंड जास्त झाले तर फक्त लिम्ब बदला. लिम्बच्या बुडाशी असलेल्या बोल्टनं साधारण दहा टक्के वजन खालीवर करता येतं. एकसंध धनुष्य चुकलं तर विकण्याशिवाय इलाज नाही.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. आयएलएफ लिम्बवर छापलेलं वजन बहुधा २५ इंची रायझरवर मोजलेलं असतं. रायझर आखूड झाला की वजन वाढतं, ढोबळमानानं दर इंचाला एक पाउंड. पण पारंपरिक धनुष्यांसाठी बनवलेले काही लिम्ब १७ किंवा १९ इंची रायझरवर मोजून छापतात. खरेदीआधी विचारा: 'हे वजन कुठल्या रायझरवर, किती इंचांच्या ड्रॉला?' विक्रेत्याला याचं उत्तर देता आलं नाही तर तिथे लिम्ब घेऊ नका.

मोहोर

आता पाउंड. पहिल्यांदा कायदा. पेन्सिल्व्हेनियात हरणासाठी किमान ३५ पाउंड. ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक) किमान सात-अष्टमांश इंच रुंदीचं आणि किमान दोन धारांचं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये किमान ३०. अलास्कात काळ्या शेपटीच्या हरणाला ४० आणि मूससारख्या मोठ्या जनावरांना ५०. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका राज्याच्या संकेतस्थळावर वाचूनच लायसन्स काढा. हंटर एज्युकेशनचा कोर्स तर हवाच.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो, धनुष्य बंदुकीसारखं हत्यार धरतात का, म्हणून इथेच लिहितो. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात धनुष्य हे 'फायरआर्म' नाही. शिकारीचं लायसन्स मात्र सगळ्यांना लागतं.

आता भौतिकशास्त्र. लांब ड्रॉ ही अडचण नाही, ते भांडवल आहे. बाणाला दोरी किती अंतर ढकलते हे बघा. २८ च्या ड्रॉला: २८ उणे पावणेदोन उणे ब्रेस हाइट (न ओढता मूठ ते दोरी अंतर) साडेसात, म्हणजे पावणेएकोणीस इंच. ३१ ला पावणेबावीस. तीन इंचांचा फरक, म्हणजे सुमारे १६ टक्के जास्त. बोटांवरचं वजन सारखंच असलं तरी तुमच्या धनुष्यात तेवढी ऊर्जा जास्त साठते. ढोबळमानानं ३१ वर ४५ पाउंड ओढणारा माणूस २८ वर ५० ते ५२ ओढणाऱ्याच्या बरोबरीला येतो.

म्हणून तुम्ही ४५ @ ३१ ठरवा, त्यापुढे जायचं कारण नाही. मागणी नोंदवताना तो आकडा उलटा मोजा. दर इंचाला अडीच पाउंड धरले तर तीन इंचांचे साडेसात. ४५ मधून वजा केले की साडेसदतीस. म्हणजे छापलेलं वजन ३७-३८ @ २८ असलेलं धनुष्य तुमचं. दुकानातलं ४५ @ २८ तुमच्या हातात ५७ च्या आसपास जाणार होतं. दोन तास मचाणावर गारठल्यावर ते ओढताच येणार नाही.

हातानं बनवणाऱ्या कारागिराकडून घेत असाल तर '४५ @ ३१ हवं, ३१ वरच मोजून त्यावर लिहा' असं स्पष्ट सांगा. नुसतं '४५ पाउंड' म्हटलं की तो २८ धरतो. शिवाय लिम्ब कमाल किती ड्रॉसाठी बनवलेत हेही लेखी घ्या. वॉरंटी त्या मापाच्या पुढे लागू होत नाही.

लांबपल्ला

हे मनापासून पटलं. मग मचाणाचं काय? ६४ इंची धनुष्य झाडावर किंवा तंबूत अडत नाही का?

रानवाटसरू

अडतं, पण समजतं तेवढं नाही. ६४ इंची रिकर्व्हची दोरी ६० इंची असते. चढवलेल्या धनुष्याची खरी उंची या दोरीपेक्षा जास्त धरायची गरज नाही. ५८ आणि ६४ मध्ये फरक वर तीन इंच आणि खाली तीन इंच, बस.

शिकारीच्या तंबूत हिशेब करून बघा. १८ इंची स्टुलावर बसलात की मूठ जमिनीपासून साधारण ४० इंचांवर येते. धनुष्य उभं धरलं तर वरचं टोक ७० इंचांवर, म्हणजे पुष्कळ तंबूंच्या छताला लागेल. तेच ३० अंश तिरपं केलं तर अर्धी लांबी ३० ऐवजी २६ होते आणि टोक ६६ वर येतं. चार इंच वाचले. पारंपरिक नेमबाजीत धनुष्य तिरपं धरलेलंच असतं, त्यामुळे वेगळं काही शिकावं लागत नाही. आणखी जागा हवी तर स्टूल दोन इंच बुटका घ्या आणि तंबूच्या मध्यभागी बसा, कडेला नको.

मचाणावर अडचण खालच्या टोकाची असते. बसून मारताना खालचा लिम्ब मांडीला किंवा आसनाच्या कडेला लागतो. बाण सुटताना लिम्ब कशालाही लागला की नेम गेलाच, कधीकधी लिम्बही जातो. शिडीच्या मचाणाला पुढे आडवा दांडा असतो, तो काढून ठेवता येतो का बघा. शक्य असेल तिथे उभं राहून मारा. आणि हे सगळं हंगामाच्या आधी अंगणात करून बघा: तोच स्टूल, तेच जाड जॅकेट, तीच बसण्याची दिशा, उजवीकडे-डावीकडे वळून. जॅकेटची बाही दोरीत अडकते, त्यासाठी आर्मगार्ड बाहीच्या वरून बांधावा.

मचाणावर चढताना धनुष्य हातात धरू नका. आधी चढा, हार्नेस अडकवा, मग दोरानं धनुष्य वर ओढा. ब्रॉडहेड झाकलेले असूद्यात.

सागवान

लॉन्गबोबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

पारंपरिक सरळ लॉन्गबो, ज्याला हिल पद्धतीचा म्हणतात, तो ३१ ड्रॉला ६८ ते ७० इंचच घ्यावा. त्याला टोकाशी वळण नसतं, त्यामुळे दोरीचा कोन लवकर उघडतो. ६४ इंची हिल धनुष्य ३१ वर ओढणं म्हणजे बोटांवर अन्याय. रिफ्लेक्स-डिफ्लेक्स (हलक्या वळणाचे) लॉन्गबो मात्र ६४ ते ६६ मध्ये चालतात.

अखंड लाकडाच्या धनुष्याला वेगळा नियम. मधली मूठ कडक असेल तर लांबी ड्रॉच्या दुपटीपेक्षा आठ-दहा इंच जास्त हवी. तुमच्यासाठी ७० ते ७२. आणि ते ज्या ड्रॉपर्यंत टिलर केलंय (सारखं वाकेल असं तासलंय) त्याच्या पुढे एक इंचही ओढायचं नाही. फायबरग्लासचं धनुष्य जादा ओढीचा त्रास सहन करतं, लाकडाचं धनुष्य सरळ तुटतं आणि त्याचे तुकडे चेहऱ्यावर येतात. मित्राचं लाकडी धनुष्य 'जरा ओढून बघतो' म्हणून हातात घेऊ नका. आधी किती ड्रॉचं आहे ते विचारा.

नाशिककर_बेअरबो

धागा वाचतोय, खूप उपयोगी चर्चा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, पण लांबीचं हे गणित इथल्या बेअरबो (साइटशिवाय) मारणाऱ्या उंच मुलांनाही जसंच्या तसं लागू आहे. क्लबात सगळ्यांना एकच ६६ इंची धनुष्य देतात आणि उंच मुलाची कोपर कधीच बाणाच्या रेषेत येत नाही.

एक शंका. कोरियन धनुष्यं तर ५० इंचांच्याही आत असतात आणि तरी ३१-३२ पर्यंत ओढतात. मग आखूड धनुष्य वाईट कसं?

वेळूबन

चांगला प्रश्न. त्या धनुष्यांची टोकं कडक आणि पुढे वळलेली असतात. ती तरफेसारखी काम करतात आणि स्टॅक मागे ढकलतात. मांचू धनुष्याची टोकं तर फारच लांब, म्हणून त्याचा ड्रॉ ३१ च्याही बराच पुढे जातो. दुसरं म्हणजे ही मंडळी अंगठ्यानं ओढतात. दोरी एका जागी, अंगठीवर टेकते, त्यामुळे व्ही कितीही अरुंद झाला तरी चिमटायला तीन बोटं मध्ये नसतात. हीच धनुष्यं तीन बोटांनी ओढली की तक्रार परत येते. तेव्हा आखूड धनुष्य वाईट नाही, आखूड धनुष्य आणि तीन बोटं आणि लांब ड्रॉ हे तीन एकत्र जमत नाहीत.

मोहोर

धनुष्यावर सगळे लिहितायत, पण लांब ड्रॉवाल्याची खरी पंचाईत बाणात होते. सविस्तर लिहितो.

ड्रॉ ३१ म्हणजे पूर्ण ओढल्यावर धनुष्याची पुढची कड बाणाच्या ३१ इंचांपाशी. ब्रॉडहेडचं पातं तुमच्या डाव्या हाताच्या बोटापाशी येता कामा नये, म्हणून बाण टोकाच्या मुळापर्यंत किमान ३२ इंच हवा. आता दुकानात बघा: मऊ स्पाइनच्या (स्पाइन म्हणजे दांडीचा कडकपणा; आकडा लहान तितकी दांडी कडक) पुष्कळ कार्बन दांड्या मुळातच ३२ इंचांपेक्षा आखूड असतात. कडक स्पाइनच्या लांब असतात. खोक्यावर पूर्ण लांबी लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय डझनभर बाण घेऊ नका.

लाकडी बाणांत तर हे हमखास फसतं. पोर्ट ऑरफर्ड सिडरच्या दांड्या ३२ इंची मिळतात. टोक बसवायला पुढे जवळपास एक इंच निमुळतं करावं लागतं. म्हणजे टोकाच्या मुळापर्यंत ३१ च्या आसपासच उरतात. ३१ ड्रॉला पातं थेट मुठीवर. लाकूडच हवं असेल तर विक्रेत्याकडे ३३-३४ इंची दांड्या मागा, किंवा पुढे कठीण लाकडाचं सांधकाम केलेल्या दांड्या घ्या.

आता स्पाइन. २८ ड्रॉवाल्याचा बाण मऊ ठरला तर तो पुढून पाव-पाव इंच कापून कडक करतो. तुम्हाला कापायला जागाच नाही. म्हणून स्पाइन आधीच कडक निवडा आणि टोकाचं वजन बदलून जुळवा. ४५ @ ३१ आणि ३२ इंची बाणाला ५०० स्पाइन बहुधा मऊ पडेल. ४०० पासून सुरू करा. २०० ग्रेनचं (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप) टोक लावायचं असेल तर ३४० ही करून बघा. डझन घेण्याआधी ४०० आणि ३४० चे दोन-दोन बाण आणि १२५, १५०, १७५, २०० ग्रेनच्या टोकांचा संच घ्या.

जुळवणी अशी. पिसं नसलेला एक बाण आणि पिसांचे दोन, सगळे एकाच टोकाचे. आधी १० यार्डांवर, मग १५, मग २०. उजव्या हातानं मारणाऱ्याचा पिसं नसलेला बाण डावीकडे गेला तर कडक, उजवीकडे गेला तर मऊ. डावीकडे गेला तर टोक जड करा, उजवीकडे गेला तर हलकं. दोन्ही २० वर एकाच जागी यायला लागले की ब्रॉडहेड लावून तपासा. बाण नेहमी वर किंवा खाली जात असेल तर आधी नॉक पॉइंट (दोरीवरची नॉक अडवायची खूण) सरकवा, स्पाइनला हात लावू नका.

वजनाचं गणितही तुमच्या बाजूनं आहे. ९ ग्रेन प्रति इंचाची दांडी, ३२ इंच म्हणजे २८८. टोक १७५, इन्सर्ट (टोक बसवायचा आतला तुकडा) १६, नॉक १०, पिसं १०. एकूण ४९९ ग्रेन. ४५ पाउंडांना हे ११ ग्रेन प्रति पाउंड झाले. हरणाला १० भरपूर, त्यामुळे १२५ ग्रेनचं टोक लावलं तरी चालेल. वेगळं पितळी वजन घालायची गरज नाही.

रानवाटसरू

जुनं धनुष्य घ्यायचा मोह झाला तर दोन शब्द. १९६०-७० च्या काळातली सुंदर धनुष्यं स्वस्तात मिळतात, पण त्यातली पुष्कळशी ५२ ते ६० इंचांची. त्या काळातली ६२-६४ इंची शोधा, असतात.

हातात घेतल्यावर दोरी चढवून एका टोकाकडून बघा. दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध पडली पाहिजे. एका बाजूला सरकलेली दिसली तर लिम्ब पिळलेला आहे. मग लिम्बच्या कडांवरून नख फिरवा. थर सुटत असेल तर नख अडतं. काचेखाली लांबीच्या दिशेनं दिसणाऱ्या बारीक रेषा बहुधा निरुपद्रवी, आडव्या रेषा दिसल्या तर धनुष्य खाली ठेवा. टोकं मजबूत केलेली नसतील तर फक्त डेक्रॉनची दोरी वापरा. आधुनिक न ताणणारी दोरी जुनी टोकं चिरते.

दोरी नेहमी स्ट्रिंगरनं चढवा, पायात अडकवून वाकवू नका, लिम्ब पिळतात ते त्यामुळेच. आणि उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका, गोंद सुटतो.

लांबपल्ला

सगळ्यांचे आभार. ठरवलं आहे ते असं: १९ इंची आयएलएफ रायझर, लाँग लिम्ब, एकूण ६४. ३१ वर ४५ येईल असे लिम्ब, विकत घेताना काट्यावर मोजूनच. बाण ४०० चे दोन, ३४० चे दोन आणि टोकांचा संच. यात काही चुकतंय का?

सागवान

एकच. १९ वर छापील वजनात सहा पाउंड वाढतील हे धरा, जर ते २५ इंची रायझरवर मोजलं असेल. म्हणजे ४५ @ ३१ साठी लिम्बवर ३२ छापलेलं असलं तरी पुरे: ३२ अधिक ६ म्हणजे ३८ @ २८, पुढे साडेसात. ३२ बघून दुकानदार 'हे शिकारीला कमी पडेल' म्हणेल. काट्यावर ३१ पर्यंत ओढून दाखवा.

वेळूबन

निवड बरोबर आहे. धनुष्य आलं की ब्रेस हाइट आठ इंचांवर ठेवून सुरुवात करा. दोरीला पीळ देत किंवा काढत पाव-पाव इंच खालीवर करा आणि जिथे आवाज सगळ्यात कमी येतो तिथे थांबा.

नॉक पॉइंट एक न लावता दोन लावा. वरचा काटकोनाच्या अर्धा इंच वर, नॉक त्याच्या खाली, आणि दुसरा नॉकच्या खाली. दोघांमध्ये नॉकला किंचित हलता येईल एवढी फट सोडा, जाड कागदाची घडी सरकेल इतकी. लांब ड्रॉला दोरीचा व्ही नॉकला दाबतो. फट नसेल तर पूर्ण ओढल्यावर बाण शेल्फवरून उचलताना दिसेल. तसं दिसलं तर खालचा पॉइंट अगदी थोडा आणखी खाली सरकवा आणि पुन्हा पिसं नसलेला बाण मारून बघा.